ओसाड बेटावर आंबर्डेकर

श्रीरंग आंबर्डेकर पहिल्यांदा मेले ते ऐन वामकुक्षीच्या वेळेला, आणि त्यांना मारणारा रोबो जेमतेम गल्लीतल्या कुत्र्याएवढा होता. मरण्याचं त्यांना एवढं वाईट वाटलं नाही. माणूस आज ना उद्या जायचाच. पण ज्यांची जीप बाजाराच्या तोंडाशी दिसली की भल्याभल्यांचे खोटे काटे गोणपाटाखाली जायचे, त्या वजनमापे खात्यातल्या निवृत्त निरीक्षकाला चार पायांच्या एका पत्र्याच्या डब्याने लोळवावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यातून तो डबा अंगावर धावून आला तेव्हा बंदूक उचलायची सोडून श्रीरंगराव मोठ्यांदा "हड्! हड्!" म्हणाले होते. वसईजवळच्या आचोळ्यात राहणाऱ्या कुठल्याही गृहस्थाने तेच केलं असतं. रोबोने मात्र ऐकलं नाही.

"गेलात," मागे उभे असलेले हर्षवर्धन शितोळे म्हणाले. शितोळे म्हणजे सागरदर्शन सोसायटीचे सेक्रेटरी. सागरदर्शनच्या गच्चीवर चढलं तरी सागर दिसत नाही, पण सेक्रेटरी मात्र कुठूनही दिसतात.

"दिसतंय मला," श्रीरंगराव म्हणाले.

"गोळी घालायला हवी होती."

"पुढच्या वेळी तुम्हाला विचारून मरेन," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा जन्म घेतला.

आता साठी ओलांडलेला, सकाळी अळशी खाणारा, बँकेत पेन स्वतःचं नेणारा हा माणूस रोबोंच्या तोंडी का गेला, असं कोणी विचारेल. त्याला कारण त्यांची मुलगी. आर्या नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून दर रविवारी तिचा फोन यायचा आणि श्रीरंगराव तो मोठ्या उत्साहाने उचलायचे. "जेवलीस?" "हो." "पाऊस आहे का तिकडे?" "नाही." "बरं, आईला देतो." एवढं बोलून झालं की फोन सुमेधाबाईंकडे जायचा आणि मग मायलेकींचं अर्धा तास चालायचं. श्रीरंगराव पेपर समोर धरून त्यातले त्यांना ऐकू येतील तेवढे तुकडे वेचायचे. आपल्यालाही पुष्कळ विचारायचं असतं, पण फोन हातात आला की पावसापलीकडे गाडी सरकत नाही, हे त्यांचं दुःख होतं. मुली असलेल्या बऱ्याच बापांचं असतं.

एका रविवारी आर्या घाईत होती. "ठेवते बाबा, आमचा खेळ आहे. आणि आज जमतंय की नाही कोण जाणे. जीनाला बाळ झालंय, चौथं कोणी नाही आमच्याकडे."

"मी येतो की," श्रीरंगराव म्हणाले. पत्त्यांच्या डावात भिडू कमी पडल्यावर माणूस म्हणतो तितक्या सहज म्हणाले.

 मग आर्या हसायला लागली. खळखळून, ठसका लागेपर्यंत हसली. ती गेल्यापासून ते हसणं घरात ऐकू आलं नव्हतं आणि त्या हसण्यापायी श्रीरंगराव त्या घडीला रोबोच काय, वाघाच्या पिंजऱ्यातही गेले असते. "खरंच येशील? मग पुढच्या रविवारी मोठी मोहीम आहे. तोवर शीक. पण बाबा, केल्विनचा नियम आहे हं. जो सारखा मरतो आणि दुसऱ्यांना मारवतो, त्याला गटातून काढायचं. मी काही बोलू शकणार नाही."

केल्विन आणि रिचेल हे आर्याचे वसईच्या कॉलेजातले दोस्त. केल्विन आता दोह्याला होता, रिचेल नायगावच्या नव्या टॉवरात. तिघं तीन दिशांना पांगले होते, पण रविवारी त्या खेळातल्या बेटावर एकत्र भेटायचे. बेट ओसाड होतं. माणसं घरंदारं सोडून कुठेशी निघून गेलेली आणि रस्त्यांवर लहानमोठे रोबो हिंडत असलेले. त्यांच्या तावडीतून जगायचं, एवढाच खेळ. श्रीरंगरावांना एका आठवड्यात ते शिकायचं होतं. नाहीतर रविवार पुन्हा पावसापाशी येऊन थांबणार होता.

आर्याचा जुना संगणक तिच्या टेबलावर होता. सुमेधाबाईंनी त्याला जुन्या परकराचा अभ्रा शिवला होता आणि दर दसऱ्याला त्याची यथासांग पूजा होत असे. यथासांग म्हणजे हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडू. बटण दाबल्यावर आतून आधी मिक्सरसारखा आवाज आला, मग पंख्याच्या जाळीतून हळदीचा एक बारीक लोट निघाला आणि शेवटी गेल्या की त्याच्या आधीच्या दसऱ्याची एक पाकळी उडून श्रीरंगरावांच्या चहात पडली. सुमेधाबाईंनी हा शुभशकुन मानला. तेवढ्यात बाथरूममधला गिझर चालू झाला आणि घरातली वीज गेली. त्या दिवसापासून घराचा कायदा झाला, की रोबो असतील तेव्हा आंघोळ नाही.

खेळात शिरायचं तर नाव नोंदवायला हवं होतं. श्रीरंगरावांनी आधार कार्ड समोर ठेवून आडनाव आधी, नाव नंतर, वडिलांचं नाव शेवटी, असं शुद्ध सरकारी नाव भरलं. खेळ म्हणाला, फार लांब आहे. त्यांनी वडिलांना गाळलं. खेळ म्हणाला, मधे जागा सोडलेली चालत नाही. नुसतं श्रीरंग लिहिलं, तर ते जगात कोणीतरी आधीच घेऊन बसलेला. शेवटी खेळाने स्वतःच्या अकलेने एक नाव सुचवलं आणि पुढे काय येतं ते बघू म्हणून श्रीरंगरावांनी होकाराचं बटण दाबलं. पुढे काहीच आलं नाही. नाव मात्र कायम झालं. ते इंग्रजीत होतं आणि त्याचं मराठी भाषांतर रागीट बदक असं होत होतं. नाव बदलून मिळावं म्हणून त्यांनी सविनय अर्ज केला. आपला अर्ज मिळाला असून यथावकाश विचार केला जाईल, असं उत्तर आलं. नोकरीत असताना हेच उत्तर ते स्वतः इतरांना पाठवत असत, त्यामुळे त्याचा अर्थ त्यांना लगेच कळला.

पुढची अडचण इंटरनेटची. घरातलं इंटरनेट सुमेधाबाईंच्या मालिकांपुरतं होतं. रोबो त्यातून झटके खात यायचे, म्हणजे आत्ता झाडामागे आणि एकदम छातीवर. नवी जाड वायर गच्चीवरून खाली आणायची तर सोसायटीची ना हरकत हवी. श्रीरंगरावांनी अर्जात प्रयोजन म्हणून "कौटुंबिक" असं लिहिलं. शितोळ्यांनी तो परत पाठवला. प्रयोजन स्पष्ट हवं म्हणाले, उद्या कोणी काहीही कौटुंबिक म्हणेल. मग श्रीरंगरावांनी लिहिलं, "मुलीसमवेत शत्रूचा मुकाबला करणेकामी." कमिटीच्या त्याच रात्रीच्या बैठकीत हे दोनदा वाचून घेण्यात आलं. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी वायर आपल्या वाळवणाच्या दोरीला लागता कामा नये एवढंच बजावलं आणि सदरहू मुकाबला दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत करू नये, या अटीवर मंजुरी मिळाली. अट शितोळ्यांनीच सुचवली होती आणि वामकुक्षीच्या वेळी श्रीरंगरावांच्या खुर्चीमागे उभं राहून ती मोडली जाताना पहिल्यांदा पाहिली तीही त्यांनीच.

तर मुकाबला सुरू झाला. आर्याने फोनवर बोलून काही धडे पाठवले होते. पहिला धडा, उभं राहून चालायचं नाही, बसून चालायचं. त्यासाठी एक बटण होतं. श्रीरंगराव ते बटण दाबायचे आणि त्याबरोबर स्वतःही खुर्चीत खाली वाकायचे. रोबो जवळ आला की अजून वाकायचे. अशाने बेटावर त्यांना कोणी पाहिलं नाही हे खरं, पण संध्याकाळी ते जेवायला उठले ते काटकोनातच. सुमेधाबाईंनी पाठीला तेल चोळलं. "अहो, वाकायचं त्या आतल्या माणसाने, तुम्ही कशाला?" श्रीरंगराव म्हणाले की मनापासून करायचं काम असंच होतं.

दुसरा धडा, उगाच गोळी झाडायची नाही, आवाजाने चहूकडचे रोबो गोळा होतात. हा त्यांना पटला. त्यांच्या खात्याचंही धोरण शक्यतो कारवाई न करण्याचंच असे. तिसरा धडा मात्र त्यांच्या गळी उतरेना. ओसाड घरांत शिरायचं, कपाटं उघडायची आणि मिळेल ते घ्यायचं. मलमपट्ट्या, गोळ्या, खायचे डबे.

"लोकांच्या घरात?" श्रीरंगरावांनी फोन लावून विचारलं. "मी काय दरोडेखोर आहे?"

"बाबा, लोक गेलेत घर सोडून."

"परत आले म्हणजे?"

"नाही येणार. खेळ आहे तो."

"तू म्हणतेस. मी त्यांच्या जागी असतो तर आलो असतो."

दोन दिवस ते प्रत्येक घराच्या दारात अदबीने थांबत आणि रिकाम्या हाताने पुढे जात. त्यामुळे ते नियमाने मरत. कधी भुकेने, कधी जखमेने, एकदा तर निव्वळ संकोचाने. एका घरात रोबो शिरला असताना परक्या बाईच्या झोपायच्या खोलीत कसं लपायचं, या विचारात ते दाराशीच उभे राहिले होते.

तिसऱ्या दिवशी सुमेधाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "निदान वाया जातंय ते तरी घ्या." वाया हा शब्द ऐकल्यावर श्रीरंगरावांच्या मनातला बांध फुटला. मुलगी चुकेल, नीतिशास्त्र चुकेल, पण वाया जाऊ द्यायचं नाही हे कसं चुकेल? त्यांनी मागे फिरून सगळी गावं झाडून नेली. मलमपट्ट्या घेतल्या, गोळ्या घेतल्या, ज्या बंदुका आपल्याकडे नाहीत त्यांच्याही गोळ्या घेतल्या. टोप्या, हातमोजे, माशांचे डबे, तुटक्या रोबोंचे स्क्रू. ज्या घरात माळा आहे आणि माळ्यावर फ्रिजचा मूळ खोका आहे, त्या घरातला माणूस कशालाही नको म्हणत नाही. थोड्याच वेळात पडद्यावर लाल अक्षरं आली, की पाठीवरचं वजन मर्यादेबाहेर गेल्याने आता धावता येणार नाही. "काट्यात खोट आहे," श्रीरंगराव म्हणाले, आणि डुलत डुलत पुढे चालू लागले.

ही बातमी एव्हाना मजलाभर झाली होती. समोरच्या दारात सेबेस्टियन राहायचे. ते मूळचे पाचूबंदरचे, आयुष्य दर्यात काढलेले. गुडघ्यांनी रजा मागितल्यावर होडी भावाला देऊन मुलीकडे आचोळ्याला राहायला आले होते. ते रोज संध्याकाळी येऊन स्टुलावर बसत आणि दर्याकडे बघावं तसं बेट बघत.

"श्रीरंगभाऊ," एकदा ते म्हणाले, "तुमी लय घाई करता. पान्यात जाल टाकायच्या आगुदर पानी बघायचा. तो लोखंडाचा कुटं जातो, कुटून फिरतो, बघा ना जरा. त्याला पन वाट असते."

"अहो कसली वाट!" शितोळे उसळले. ते साताऱ्याकडचे. "गनिमाला बघत बसायचं नसतं, सेबेस्टियन. दिसला की हाणायचा. चढाई हाच बचाव! आंबर्डेकर, मारा त्याला."

श्रीरंगराव भिडस्त. त्यांना दोघांचंही मन मोडवेना. म्हणून त्यांनी आधी शांतपणे रोबोला बघून घेतलं आणि मग त्याच्यावर चढाई केली. परिणाम तोच झाला. पण मरता मरता एवढं त्यांच्या ध्यानात आलं, की सेबेस्टियनचं बरोबर होतं. रोबो ठरल्या वाटेने फिरत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शितोळ्यांच्या पाठीमागे, म्हणजे शितोळे नसताना, एका रोबोला पूर्ण वळसा घालून एक गाव पार केलं. तिथे पोचल्यावर त्यांनी सुमेधाबाईंना बोलावून ते गाव दाखवलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. "धुकं फार आहे पण. पापड वाळायचे नाहीत."

शनिवारी शितोळे एक कागद घेऊन आले. "आपल्या सदनिकेतून वारंवार गोळीबाराचा आवाज येत असून इतर सभासदांत भीतीचे वातावरण आहे, तरी खुलासा करावा," अशी नोटीस होती. खाली सही शितोळ्यांची.

"अहो, पण तुम्हीच मारा मारा म्हणत होतात ना?"

"ते मी शेजारी म्हणून. हे सेक्रेटरी म्हणून." नोटीस पोचल्याची सही घेऊन त्यांनी कागद खिशात घातला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "हं, आता त्या पुलाकडे चला." श्रीरंगरावांनी त्याच दिवशी एका कानावर घालून ऐकायचं-बोलायचं यंत्र विकत आणलं. त्याने दोन फायदे झाले. आवाज बाहेर जाईना, आणि निदान एका कानाने शितोळे ऐकू येईनात.

रविवार उजाडला. मोहीम अशी होती, की चौघांनी मिळून बेटाच्या टोकाला असलेलं दीपगृह गाठायचं. वाटेत एक मोठं शेत होतं आणि त्या शेतात दुमजली घराएवढा एक थोरला रोबो आपल्या पिल्लावळीसह गस्त घालत असे. श्रीरंगरावांनी आंघोळ लवकर उरकली, देवाला नमस्कार केला आणि इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले. उजव्या हाताला शितोळे, डाव्या हाताला सेबेस्टियन, मागे दारात हात पुसत सुमेधाबाई. लग्नातही त्यांच्यामागे एवढी माणसं उभी नव्हती.

"हॅलो अंकल," केल्विनचा आवाज आला. "रागीट बदक तुम्हीच ना? सही नाव आहे. हे बघा, टेन्शन नाय घ्यायचं. आमच्या मागे मागे यायचं आणि कशाला हात लावायचा नाय."

"काका, वेलकम," रिचेल म्हणाली.

"बाबा, बसून चाल हं," आर्या म्हणाली, आणि श्रीरंगराव सवयीने खुर्चीत वाकले.

सुरुवात झकास झाली. दोन गावं आणि एक पूल त्यांनी बिनबोभाट ओलांडला. तिघं तरुण सरसर पुढे जात होते आणि श्रीरंगराव आपलं बोचकं घेऊन मागून डुलत येत होते. "अंकल, काय काय भरलंय तुम्ही?" केल्विनने विचारलं. "लागेल ते," श्रीरंगराव म्हणाले. शेताशी आल्यावर केल्विनने काहीतरी बेत सांगायला सुरुवात केली. नेमकं त्याच वेळी शितोळ्यांनी श्रीरंगरावांच्या मोकळ्या कानात अफजलखानाच्या वधाचं उदाहरण सुरू केलं. एका कानात दोहा आणि एका कानात प्रतापगड, त्यामुळे त्यांच्या पदरात दोन्हीकडचं अर्धंअर्धं पडलं. ते शेतात शिरले तेव्हा बाकीचे तिघं पलीकडच्या कुंपणापर्यंत गेले होते.

आणि शेताच्या मधोमध, एका घराच्या अंगणातल्या पिंपावर, रेडिओ चालू होता.

इथे श्रीरंगरावांची बाजू मांडली पाहिजे. ज्या खोलीत माणूस नाही तिथे पंखा, दिवा, टीव्ही यातलं काही चालू दिसलं, तर ते बंद करत जाणं हे त्यांच्या अंगी इतकं मुरलं होतं, की दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी ते निघताना बाथरूमचा दिवा मालवून निघत. एकदा दवाखान्यात त्यांनी तपासणीच्या खोलीतला दिवा घालवला होता, आत पेशंट असताना. आर्याचं सगळं लहानपण "पंखा कोणासाठी चालू आहे?" या प्रश्नाखाली गेलं होतं. अशा माणसाला भर शेतात, आसपास चिटपाखरू नसताना, मोठ्यांदा गाणं म्हणणारा रेडिओ दिसला. आपण केव्हा त्याच्यापाशी गेलो आणि केव्हा बटण दाबलं, हे त्यांना नंतरही आठवेना.

एकदम सामसूम झाली.

तो रेडिओ केल्विनने मुद्दाम ठेवला होता. गाण्याच्या आवाजाने सगळे रोबो त्याच्याभोवती गोळा होऊन घुटमळावेत आणि तेवढ्यात आपण कुंपणाकडेने निसटावं, हाच तो बेत. पिंपाच्या पलीकडच्या बाजूला, धुक्यात, ते गोळा झालेही होते. गाणं थांबल्याबरोबर त्यांनी माना वर केल्या. एकेकाचा लाल दिवा लागत गेला.

"रेडिओ कोणी बंद केला?" केल्विन ओरडला.

"मी," श्रीरंगराव म्हणाले. "कोणी ऐकत नव्हतं."

यावर रिचेल जी हसत सुटली ती तिला बंदूक धरता येईना आणि त्या हसण्यातच ती गेली. केल्विन शूर मुलगा. तो गोळ्या झाडत पुढे आला, आणि थोरल्या रोबोने त्याला चिलटासारखं झटकलं. "पळ, बाबा, पळ!" आर्या ओरडत होती. श्रीरंगराव पळत होते, म्हणजे डुलत होते. वजन मर्यादेबाहेर होतं.

"हाणा!" शितोळे गरजले.

"टाका ते, भाऊ!" सेबेस्टियन स्टुलावरून उठून उभे राहिले. "जाल खडकात अडकला तर तोडून टाकायचा! होडी कोन बुडवतो काय जाल्यापायी?"

आठवडाभर जमवलेला तो संसार श्रीरंगरावांनी डोळे मिटून टाकला. टोप्या गेल्या, डबे गेले, स्क्रू गेले. मागे सुमेधाबाईंनी "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला. हलके झालेले श्रीरंगराव उभ्या आयुष्यात धावले नव्हते तसे धावले आणि आर्याच्या मागोमाग शेतातल्या घराच्या तळघरात धाडकन पडले. दार लागलं. तळघराला जमिनीलगत एक गजांची खिडकी होती. तिच्यातून थोरल्या रोबोचे लोखंडी पाय इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरताना दिसत होते.

"अंकल, आम्ही पार बेटाच्या दुसऱ्या टोकाला उठलोय," केल्विनचा आवाज आला. त्याच्या आवाजात राग आणि दुःख दोन्ही होतं. "चालत यायला खूप वेळ लागेल. कशाला हात लावू नका सांगितलेलं ना मी? आर्या, नंतर बोलू आपण यांचं." मग ते दोघं आपसात बोलायच्या सोयीसाठी दुसऱ्या वाहिनीवर गेले आणि आवाज बंद झाला.

यांचं बोलू म्हणजे काय, ते श्रीरंगराव समजले. त्यांच्या हाताखालून कितीतरी बोलू गेले होते. त्यांनी शितोळ्यांकडे पाहिलं. शितोळे गनिमाने मैदान मारल्यावर कसं दिसावं तसे दिसत होते. सुमेधाबाईंनी परिस्थिती ओळखली. "चला भाऊजी, चहा घ्यायला," असं म्हणून त्यांनी शितोळ्यांना स्वयंपाकघरात नेलं. सेबेस्टियन तेवढे स्टुलावर राहिले.

"चुकलं माझं," श्रीरंगराव म्हणाले. "तुझ्या मित्रांपुढे लाज घालवलीच मी."

"हलू नकोस बाबा. आवाज झाला तर येईल तो."

दोघं तळघरात बसली. करण्यासारखं काही नव्हतं. फोन असता तर एव्हाना आईला दिला असता, पण इथे आई नव्हती.

"माळ्यावरच्या लोणच्याच्या बरण्यांसारखं सगळं साठवून ठेवलं होतंस ना?" थोड्या वेळाने आर्याने विचारलं.

"हो. टाकलं सगळं."

"तू टाकलंस?" आणि ती पुन्हा हसली.  मग म्हणाली, "बाबा, इथे ऑफिसात मला फार करमत नाही रे. आईला नाही सांगितलं, ती लगेच गाडी पकडून येईल. काम चांगलं आहे. पण जेवायला मी एकटीच बसते. सगळे आपापल्या भाषेत बोलतात आणि मी डब्यात बघत जेवते. म्हणून रविवारची एवढी वाट बघते."

 सल्ला द्यावा असं श्रीरंगरावांना वाटलं, कारण बापाकडे दुसरं असतं काय? पण आठवडाभर स्वतः इतके सल्ले घेऊन ते इतक्या वेळा मेले होते, की त्यांनी तो गिळला. "मलाही करमत नाही," ते म्हणाले. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. "परवा तुझ्या आईने बाजारातून भेंडी आणली. मी ती काट्यावर तोलली."

"मग? किती भरली?"

"बरोबर भरली. तेच तर दुःख."

आर्या हसता हसता रडायला लागली की रडता रडता हसायला, ते कानावरच्या यंत्रातून कळेना. मग ती बोलतच सुटली. तिच्या खोलीतल्या नळाबद्दल, साहेबाच्या चप्पल घासत चालण्याबद्दल, पोह्यांबद्दल, जे तिच्या हातून दर वेळी लगदा होतात. श्रीरंगरावांनी पोहे भिजवायचे नसतात, चाळणीत धुवायचे असतात, हे गुपित सांगितलं. त्यांनी स्वयंपाकघरात कधी पोहे केले नव्हते, पण करताना बघितलं पुष्कळ होतं. तिने त्यांच्या पाठीची चौकशी केली. त्यांनी पाठीपासून सुरुवात करून कमिटीच्या ठरावापर्यंत सगळं सांगितलं आणि "मुकाबला करणेकामी" हे शब्द तिने त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. पाऊस या विषयाला कोणी हातसुद्धा लावला नाही.

सेबेस्टियनने हळूच श्रीरंगरावांच्या खांद्याला बोट लावलं. "भाऊ," ते कुजबुजले आणि पडद्यावरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "तो गेला ना. कदीच गेला."

खिडकीतून नुसतं गवत दिसत होतं. पाय नव्हते. लांब टेकडीवर थोरल्या रोबोचा दिवा एखाद्या काजव्याएवढा झाला होता. श्रीरंगरावांनी पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि सेबेस्टियन समजून मान हलवत पुन्हा स्टुलावर बसले.

"बाबा," आर्याने विचारलं, "तो आहे ना रे अजून बाहेर?"

आर्या तळघरात त्याच खिडकीला नाक लावून बसली होती. तिच्यासमोरही तेच गवत होतं.

"आहे, आहे," श्रीरंगराव म्हणाले. "मोठा आहे फार. उठू नकोस एवढ्यात."

"हो," ती म्हणाली. "मलाही दिसतायत त्याचे पाय." आणि मग खुर्चीत नीट मांडी घालून बसल्यासारखा तिचा आवाज आला, "तर ऐक, त्या साहेबाचं पुढे काय झालं..."